चौघांचं छप्पर, एकट्याची गच्ची

झां व्हिगोच्या ‘झेरो द काँद्विट’मध्ये एक रात्र आहे. बोर्डिंगची लांबलचक खोली, पलंगांच्या रांगा, आणि त्या पलंगांवर उड्या मारत उशा फाडणारी पोरं. पिसांनी खोली भरून जाते, आणि चित्र एकाएकी संथ होतं. एक मुलगा उलटी कोलांटी घेत खुर्चीत येऊन बसतो, बाकीचे त्याला खुर्चीसकट उचलतात आणि पांढऱ्या डगल्यांतली ती पोरं मिरवणुकीने चालू लागतात. दंगा करणारी पोरं क्षणात एखाद्या उत्सवातली वाटू लागतात. संगीतकार मोरिस झोबेरने या प्रसंगाची धून उलट्या क्रमाने वाजवून घेतली आणि ते ध्वनिमुद्रण पुन्हा उलटं फिरवून वापरलं. त्यामुळे प्रत्येक सूर उमटण्याऐवजी आत ओढला जातोय असं वाटतं. शिस्तीच्या घड्याळाबाहेरचा काळ दाखवायचा तर तो असाच ऐकू यायला हवा.

हा चित्रपट 1933 चा, जेमतेम पाऊण तासाचा. फ्रान्समध्ये त्यावर जी बंदी आली ती दुसरं महायुद्ध संपेपर्यंत उठली नाही. व्हिगोचे वडील अराजकवादी होते. 1917 मध्ये त्यांचा तुरुंगात मृत्यू झाला तेव्हा व्हिगो 12 वर्षांचा होता. पुढे दुसऱ्याच नावाने बोर्डिंगमध्ये दिवस काढलेल्या त्या मुलाने मोठेपणी हा चित्रपट केला, आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 29 व्या वर्षी तो गेला. चित्रपटातली कडवट धग या आयुष्यातून आली आहे हे उघड आहे. मला मात्र त्या कडवटपणाहून त्यातली माया मोठी वाटते. जेवणाच्या खोलीतला प्रसंग बघा. रोज रोज घेवड्याच्या बिया ताटात पडतात म्हणून पोरं स्वयंपाकिणीच्या नावाने ओरडत असतात. ती बाई त्यांच्यातल्याच कोलँची आई. त्याचा पडलेला चेहरा लक्षात येतो आणि आरडाओरडा थांबतो. आपण कुणाविरुद्ध उठलोय आणि कुणाला सांभाळायचंय, हे या मुलांना कळतं. इतक्या लहानशा प्रसंगात बंडाची नीती मांडणारा दुसरा चित्रपट मला आठवत नाही.

कोसा, कोलँ, ब्रुएल आणि ताबार अशी ही चौघं. मुलांनी वरच्यांच्या नजरेखाली राहावं म्हणून संस्थेने सगळ्यांचे पलंग शेजारी शेजारी मांडले, आणि त्याच रांगेत मुलांची युती झाली. शेवटी शाळेच्या समारंभात ही चौघं छपरावर चढतात आणि अंगणात बसलेल्या मान्यवरांवर जुनी पुस्तकं, जोडे असं हाताला लागेल ते फेकतात. त्या मान्यवरांत काही चक्क पुतळे आहेत! मग छपराच्या उतारावरून चौघं वर, आभाळाच्या दिशेने निघतात. 1968 च्या ‘इफ’मध्ये लिंडसे अँडरसनने हेच छप्पर पुन्हा वापरलं; तिथे मुलांच्या हाती बंदुका आहेत. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. तो ताकदीचा चित्रपट आहे, पण बंदुका आल्या की पोरांचं पोरपण मावळतं, आणि मी पुन्हा व्हिगोकडे येतो.

आता आपल्याकडचं बोर्डिंग. 2007 चा ‘तारे जमीन पर’ घरोघरी पाहिला गेला. त्यातली निवासी शाळा पाचगणीत चित्रित झाली. आमिर खानचं दिग्दर्शन, अमोल गुप्तेंची पटकथा. या चित्रपटाकडे आपण डिस्लेक्सियाची गोष्ट म्हणून पाहतो. त्यातलं बंड नजरेतून सुटतं. मुंबईच्या शाळेत गणिताच्या पेपरात तीन गुणिले नऊ विचारलं जातं. चित्रपटातल्या ईशान या मुलाच्या डोळ्यांपुढे ग्रह फिरू लागतात, तिसरा ग्रह नवव्यावर जाऊन आदळतो, नववा फुटतो, आणि उत्तर येतं तीन. पुढचे प्रश्न तो सोडून देतो. हे उत्तर चूक आहे, पण ते एका सार्वभौम मुलाचं उत्तर आहे. तो शाळा चुकवून दिवसभर मुंबईत एकटा भटकतो ते दृश्यही असंच, डोळे भरून शहर पिऊन घेणारं.

मग शिक्षा म्हणून बोर्डिंग. इथेही पलंगांच्या रांगा आहेत, पण रात्री ईशानच्या शेजारच्या पलंगावरून कुणी उशी फेकत नाही. हिंदीच्या तासाला तो कवितेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतो. सरांना मात्र नेमून दिलेलं उत्तर हवं असतं. तो बरोबर होता, हे त्याला सांगतो कुबड्या घेऊन चालणारा राजन दामोदरन. तेवढा एक सोबती. तोवर ईशानने चित्रं काढणंही सोडलेलं असतं. आणि एके दिवशी तो उंच कठड्याच्या काठावर उभा दिसतो, राजन धास्तावतो. या क्षणी मला व्हिगोचं छप्पर आठवल्याशिवाय राहत नाही. उंची तीच, खालची शाळाही तशीच. तिथे चौघं आहेत म्हणून छप्पर मुक्कामाचं ठिकाण होतं. इथे एकटा आहे म्हणून तीच उंची कड होते. मुलांच्या बंडाला माणसं लागतात, आणि ती मिळाली नाहीत की तेच बंड मुलाच्या आत वळतं, हे दाखवणारी ही दोन दृश्यं एकापाठोपाठ एक पाहावीत.

ईशानचं खरं बंड बोर्डिंगातल्या चित्रकलेच्या निकुंभ सरांना त्याच्या घरी एका वहीत सापडतं. पानं भराभर उलटली की चौघांचं कुटुंब दिसतं, आणि त्यातला एक हळूहळू दूर सरकत जातो. एकही शब्द न लिहिता लिहिलेलं हे आरोपपत्र आहे. व्हिगोकडेही युगे नावाचा तरुण पर्यवेक्षक वर्गात चित्र काढतो आणि ते चित्र हलू लागतं. पण तो मुलांच्या बाजूचा मोठा माणूस आहे. ईशानचं चित्र ईशानच हलवतो. म्हणून उत्तरार्धाबद्दल माझी तक्रार आहे. निकुंभ सर प्रेमळ आहेत, शेवटी ते ईशानला हवेत उडवतात तो क्षण मला दर वेळी हलवून जातो, पण मुलाची लढाई त्यांनी आपल्याकडे घेतली. मुख्याध्यापकांशी बोलतात ते, वडिलांना सुनावतात ते. शाळेला उत्तर देण्याची संधी ईशानला चित्रकला स्पर्धेतच मिळते.

गट न मोडता पुढे जाणारं बंड मराठीत आहे, फक्त ते बोर्डिंगातलं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2002 च्या ‘दहावी फ’मधली पोरं अपमानाने पेटून शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णींचे देशमुख सर त्यांना वाचवतात, पण माफी मिळवून नव्हे. स्वतः कमावलेल्या पैशांतून ती प्रयोगशाळा पुन्हा उभी करायची, असं ठरतं. ज्या हातांनी काचा फोडल्या तेच हात कामाला लागतात, आणि तुकडी तुकडीच राहते.

माझ्यासारख्या वर्ध्याच्या माणसाला इथे सेवाग्राम आठवणारच. ऑक्टोबर 1937 ची शिक्षण परिषद वर्ध्यात भरली, झाकिर हुसेन समिती तिच्यातून निघाली, आणि सेवाग्रामच्या नई तालीममध्ये हाताच्या कामातून शिकणं सुरू झालं. तिथे राहणारी मुलं आपली सभा भरवत, स्वयंपाक आणि सफाईची जबाबदारी आपल्यातल्या निवडलेल्यांवर सोपवत. कारभार आपलाच असेल तर मुलांनी छपरावर कशाला चढावं, असा विचार त्यामागे असावा असं मला वाटतं. तरीही भांडणाची जागा तिथेही लागलीच असेल. मुलांना आपल्याच निवडलेल्या माणसाशीही भांडता आलं पाहिजे.

वर्ध्याला खेटून बोरगाव मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे. याच पट्ट्यात वैद्यकीय महाविद्यालयाची वसतिगृहं आहेत, पलीकडे हिंदी विश्वविद्यालयाची. विदर्भात आश्रमशाळाही कितीतरी. इथल्या एखाद्या वसतिगृहावरचा चित्रपट मला पाहायचाय. त्यात वॉर्डन खलनायक नको, त्यालाही त्याचा पगार आणि वरून येणारा धाक असावा. मेसची रांग असावी, पातळ वरण असावं, रविवारी एसटीने भेटायला येणारे आईवडील असावेत. आणि तक्रार घेऊन आधी कोण पुढे जाणार, यावर पोरांनी घातलेला वाद मला त्यांच्याच वऱ्हाडी-नागपुरी बोलीत, अजिबात न कापता ऐकायचाय.