शेख सदूकांची लेखनशैली : पुरावा आणि गोष्ट

गुप्त इमामाची कल्पना सुरतकरांस परकी नाही. येथील दाऊदी बोहरा समाज बाराव्या शतकातील एकविसावे इमाम तय्यब यांच्यापासून इमामपरंपरा दृष्टीआड असल्याचे मानतो. त्यांचे विद्यापीठ जामिआ सैफिया याच शहरी आहे. बारा इमाम मानणाऱ्या शियांचा गुप्त इमाम मात्र निराळा, बारावा. त्याच्याविषयीच्या जुन्या अरबी ग्रंथांत इब्न बाबवैह ऊर्फ शेख सदूक (मृत्यू इ. स. ९९१) यांचा 'कमालुद्दीन' अग्रगण्य होय. त्यातील धर्ममताची चिकित्सा आम्हांस येथे कर्तव्य नाही. जो डोळ्यांपुढे नाही, त्याच्याविषयी विश्वास उत्पन्न होईल असे कसे लिहावे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ग्रंथाचे निमित्त सदूकांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. निशापुरास मुक्काम असता तेथील शिया या विषयात गोंधळलेले त्यांना आढळले. पुढे स्वप्नात काबागृहाच्या दाराशी त्यांना इमामाचे दर्शन झाले आणि पूर्वीच्या पैगंबरांच्या अज्ञातवासांविषयी लिहिण्याची आज्ञा मिळाली. म्हणजे हा ग्रंथ प्रतिपक्षास जिंकण्यापेक्षा आपल्याच संभ्रमित माणसांस सावरण्यासाठी लिहिला गेला. त्याची शैली या हेतूतून घडली आहे.

ही शैली अलंकारांची नव्हे. प्रत्येक वचनामागे ते कोणी कोणाकडून ऐकले, याची नामावळी येते. एकच आशय निरनिराळ्या मुखांनी पुनःपुन्हा येतो आणि लेखक स्वतः बाजूस उभा राहतो. आजच्या वाचकास ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटेल. परंतु जेथे साक्षात् दर्शन नाही, तेथे साक्षीदारांची संख्या हाच आधार असतो. आम्हां मराठी वाचकांस येथे म्हाइंभटांचे स्मरण व्हावे. भडोचेहून आलेले चक्रधर उत्तरापंथे गेल्यावर त्यांनी प्रत्यक्षदर्शींना गाठून लीळा मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. वियोगातून जन्मलेले गद्य असे साक्षेपी असते.

याच ग्रंथात बिलौहर आणि बूदासफ यांची दीर्घ कथा येते, तेव्हा वाचक थबकतो. बूदासफ हे बोधिसत्त्व या शब्दाचेच रूपांतर होय. बुद्धचरित्राची ही छाया पुढे युरोपात ख्रिस्ती संतकथा म्हणूनही नांदली. गुप्त इमामाच्या ग्रंथात तिचे प्रयोजन काय? सदूक स्वतःच सांगतात की, या कथेवर वा दीर्घायुषी पुरुषांच्या वृत्तांतांवर आपली सिद्धता अवलंबून नाही. परंतु अनुकूल-प्रतिकूल सर्वांसच अशा गोष्टींची ओढ असते व त्यांच्यासाठी तरी ते उरलेला ग्रंथ वाचतील.

ही कबुली आम्हांस या ग्रंथाचे मर्म वाटते. पुरावा कोणता आणि प्रलोभन कोणते, हे लेखकाने लपविले नाही. दोषही सांगितला पाहिजे : दीर्घायुषी पुरुषांची प्रकरणे इतकी लांबतात की, प्रलोभन कधीकधी मूळ विषयावर कुरघोडी करते. तथापि, गोष्ट सांगून मुलांना धड्याकडे वळविण्याचा अनुभव ज्या अध्यापकास आहे, तो या दोषाकडे सहानुभूतीनेच पाहील. मात्र गोष्ट संपल्यावर 'हा पुरावा नव्हे' असे सांगण्याचा सदूकांचा प्रामाणिकपणा आपण वर्गात कितीदा दाखवितो, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःसच विचारतो.