स्पर्श आणि शब्द

यंत्राचे मूल्यमापन करताना त्याच्या उपयुक्ततेपाशी थांबण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः यंत्रालाही घाट असतो, आणि तो वापरणाऱ्याच्या वृत्तीला वळण लावतो. २००७ साली ॲपलच्या आयफोनने सारा कळफलक काचेत नेला. बोट टेकताच काचेखालचे विद्युत्क्षेत्र किंचित बदलते. तेवढी खूण यंत्राला पुरते. टंकलेखनयंत्राची कळ बोटाला विरोध करी. काच तो करीत नाही.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याला या अविरोधाची किंमत रोज मोजावी लागते. एकाच ‘टी’तून त आणि ट, एकाच ‘एल’मधून ल आणि ळ काढायचे असतात. ‘कळ’ लिहू जावे, तर ‘कल’ किंवा ‘काल’ आधी पुढे येऊ शकतात. यंत्र सुचवते ते बहुधा रुळलेले शब्द. शैली म्हणजे तर अशा रुळलेल्या शब्दाला वेळोवेळी दिलेला नकार! येथे होकार एका स्पर्शाचा, नकार मात्र कष्टाचा.

तथापि सारा दोष काचेवर ढकलता येणार नाही. देवनागरी कळफलक त्याच काचेवर मिळतो. तो शिकण्याचे कष्ट लेखकाने घ्यावेत की नाही, हा अखेर वाङ्मयीन सचोटीचा प्रश्न आहे.