लोकशत्रूची सभा : एका प्रयोगप्रश्नाचा विचार

हेन्रिक इब्सेनच्या ‘एन फोल्केफिएंडे’ (१८८२) या नाटकाच्या प्रयोगाचा खरा कस चौथ्या अंकात लागतो. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘एक लोकशत्रू’ असा आहे. हे नाटककाराने केलेले वर्णन नव्हे. नगरसभेने मतदानाने बहाल केलेली ती पदवी होय. स्नानगृहांचे पाणी चर्मालयांच्या घाणीने दूषित झाले आहे, हे डॉ. स्टॉकमनचे विधान रासायनिक परीक्षणावर आधारलेले आहे. त्याचा निवाडा मात्र मते मोजून होतो. विरोधी मत पडते ते एका मद्यप्याचे. विधानाची सत्यता आणि वक्त्याची लोकमान्यता या दोन भिन्न कोटी होत. त्यांची गल्लत हाच नाटकाचा विषय आहे.

इब्सेनने मात्र प्रेक्षकांची वाट सुकर केलेली नाही. त्याच सभेत स्टॉकमन पाण्याचा प्रश्न बाजूस सारून बहुमतावर घसरतो आणि जातिवंत व गावठी कुत्र्यांच्या दाखल्याने सामान्य जनांस हिणवतो. आर्थर मिलर यांनी १९५० च्या रूपांतरात हा वंशविचार गाळला. महायुद्धानंतर ते स्वाभाविकच होते. तथापि त्यामुळे अप्रिय सत्यवक्ता प्रिय होऊन बसला. सत्यजित राय यांच्या ‘गणशत्रु’ (१९८९) या चित्रपटात दूषित पाणी मंदिराच्या चरणामृताचे होते. संघर्ष श्रद्धेच्या क्षेत्रात जातो आणि अखेरीस तरुणांचा जयघोष डॉक्टरला एकाकी राहू देत नाही. थॉमस ओस्टरमायर यांनी बर्लिनच्या शाउब्यूने नाट्यगृहाच्या २०१२ च्या प्रयोगात प्रेक्षागारालाच सभेचे रूप दिले. २०१८ मध्ये बीजिंग येथे प्रेक्षक मोकळेपणाने बोलले आणि पुढील नानजिंगचे प्रयोग रद्द झाले. या प्रयोगाचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु तेथेही मूळ भाषणाच्या जागी आधुनिक समाजावरील टीका येते, आणि प्रेक्षक बहुधा स्टॉकमनच्याच बाजूने उभे राहतात.

सत्यवक्ता आवडल्यावर त्याचे सत्य मान्य करण्यास कोणतेच मोल द्यावे लागत नाही. निंद्य बहुमत म्हणजे नेहमी इतर कोणी तरी, अशी प्रेक्षकाची सोयीस्कर समजूत होते. म्हणून ते भाषण, त्याच्या सर्व कटुतेसह, रंगभूमीवर राहिले पाहिजे. ‘हा मनुष्य आमचा अपमान करीत आहे, आणि तरीही पाणी दूषितच आहे’ असे म्हणणे ज्या प्रयोगात प्रेक्षकास भाग पडते, तोच प्रयोग नाटकाशी प्रामाणिक म्हणावा लागेल.