पूर्णावदानातील क्षमा : एक पुनर्विचार

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली नालासोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ उत्खनित केला आणि प्राचीन शूर्पारकाचा स्तूप प्रकाशात आला. याच नगरीतील स्थविर पूर्णाची कथा ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात आहे. दुरावलेल्या भावांना दिलेल्या क्षमेचा पाठ म्हणून ती सहज वाचता येते. मूळ कथा मात्र इतकी सरळ नाही.

पूर्ण हा भव नामक गृहपतीला दासीपासून झालेला पुत्र. पित्याच्या पश्चात भवत्रात व भवनंदी हे सावत्र भाऊ वाटणी मागतात. दासीपुत्राला वाटा कसला, असे म्हणून ते पूर्णालाच वाटणीतील एक वस्तू ठरवितात. ज्येष्ठ भविल घर व दुकान सोडून पूर्णाला स्वीकारतो. पुढे पूर्णाच्याच कर्तृत्वाने त्या कुटुंबाला वैभव लाभते.

प्रव्रज्येसाठी निघताना पूर्ण भविलाला बजावतो की, त्या दोघांनी एकत्र राहण्याचा आग्रह धरला तरी तू मान्य करू नकोस. या सल्ल्यात सूड नाही. पण खोटा सलोखाही नाही. वैरमुक्त होणे आणि अन्यायाच्या छपराखाली परत जाणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

पालि मज्झिमनिकायातील ‘पुण्णोवाद सुत्ता’त दासीमाता नाही, वाटणीही नाही. तेथे सूनापरांतातील लोकांनी शिव्या दिल्या, मारले, तरी द्वेष न धरण्याचा पुण्णाचा निर्धार आहे. ही चित्ताची क्षांती होय. सलोख्याला मात्र दोन पक्ष लागतात. आपला अपराध न ओळखणारा आणि कबूल केलेला अपराध पदरात न घेणारा, या दोघांनाही अंगुत्तरनिकाय मूर्ख म्हणतो. चित्त गृहपतीचा अपमान करणाऱ्या सुधम्म भिक्षूला संघाने पटिसारणीय कर्माद्वारे त्या उपासकाची क्षमा मागावयास लावले, असे चुल्लवग्ग सांगतो.

या कसोटीवर अवदानाची उणीव जाणवते. पूर्ण ऋद्धिबलाने वादळातून वाचवितो तो एकनिष्ठ भविलाला. त्याला वस्तू मानणाऱ्या दोघांच्या पश्चात्तापाचा प्रसंग अवदानकार रंगवीत नाही. चंदनाच्या प्रासादाच्या आणि भगवंतांच्या आगमनाच्या वैभवात तो प्रश्न झाकला जातो.

म्हणून ही कथा सांगताना केवळ पूर्णाच्या सहनशीलतेचा गौरव करणे अपुरे आहे. पीडिताने द्वेष सोडावा, हे धम्माला अभिप्रेत आहेच. परंतु अपराध्याने अपराध मान्य करावा, हेही तितकेच अभिप्रेत आहे. पहिले शिकवून दुसरे वगळणे म्हणजे धम्माचा अर्धाच भाग शिकविणे होय.