३९व्या आठवड्यात कळा आणायच्या का? ‘अराइव्ह’ ट्रायल वाचताना

पेपर कसा वाचायचा यावर आपण बोलतोच, पण या वेळचा पेपर मी जर्नल क्लबसाठी वाचलेला नाही. तो ताईसाठी वाचला.

ताईचं हे पहिलंच बाळंतपण. ३८ आठवडे पूर्ण झाले त्या रात्री पावणेतीनला तिचा मेसेज आला. “झोप नाही. डाव्या कुशीवर झोपून झोपून कंबर गेली. दोन घास खाल्ले की छातीत जळजळ. चपलेत पाय जात नाही. डॉक्टर म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे, पण हवं असेल तर ३९ पूर्ण झाल्यावर कळा आणता येतील, विचार करून सांगा. आई म्हणते, दिवस भरले की होईल आपोआप, घाई कसली? आणि एकीने पाठवलंय की इंडक्शनने सिझर कमी होतं. तू पीएच.डी. करतेस ना, वाचून सांग खरं काय ते.”

मी पेशीजीवशास्त्रातली, डॉक्टर नाही. म्हणून आधीच सांगते: हा सल्ला नाही, एका पेपरची चिकित्सा आहे. आणि एक गोष्ट पेपरच्याही आधी. बाळाची हालचाल कमी वाटली, रक्त गेलं, पाणी गेलं, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो ‘नवव्या महिन्याचा त्रास’ नसतो. तेव्हा काहीही वाचत बसायचं नाही, दवाखान्यात जायचं.

तर, ‘इंडक्शनने सिझर कमी होतं’ या वाक्याचं मूळ बहुतेक वेळा एकाच पेपरमध्ये सापडतं. विल्यम ग्रोबमन आणि सहकाऱ्यांची ‘अराइव्ह’ ट्रायल, ऑगस्ट २०१८, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. अमेरिकेतली ४१ हॉस्पिटलं. पहिलटकरीण आणि कमी जोखीम असलेल्या ६,१०६ बायका. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात ३९ आठवडे पूर्ण ते ३९ आठवडे ४ दिवस या काळात कळा आणायच्या. दुसऱ्या गटात वाट पाहायची. वैद्यकीय कारण असल्याशिवाय ४० आठवडे ५ दिवसांपर्यंत हात लावायचा नाही, मात्र ४२ आठवडे २ दिवसांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही.

सगळ्यात चांगली गोष्ट: तुलना कोणाशी?

आपल्याकडे, आणि तिकडेही, वर्षानुवर्षं उलटं सांगितलं जायचं: कळा आणल्या की सिझर वाढतं. त्यामागे अभ्यासही होते. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांनी कळा आणलेल्या बायकांची तुलना कोणाशी केली? त्याच आठवड्यात आपोआप कळा आलेल्या बायकांशी. वरवर पाहता ठीक वाटतं. पण नीट विचार करा.

समजा, तुम्हाला गावी जायचंय. स्टँडवर उभे आहात, एसटीचा पत्ता नाही. तुमच्यापुढे पर्याय दोन: आत्ता जीप करायची किंवा एसटीची वाट बघायची. ‘आत्ता फलाटाला लागलेली एसटी’ हा पर्याय तुमच्याकडे नाहीच. वाट बघितली तर एसटी दहा मिनिटांत येईल, दोन तासांनी येईल, किंवा रद्द होऊन शेवटी जीपच करावी लागेल. जीपची तुलना करायची तर या सगळ्या शक्यतांशी करायला हवी.

३९व्या आठवड्यातल्या बाईला ‘आपोआप कळा’ निवडता येत नाहीत. तिला ‘वाट पाहणं’ निवडता येतं. त्या वाट पाहण्यात आपोआप कळा असतात, तसंच पुढे चढलेलं बीपी असतं, नंतर आणाव्या लागलेल्या कळा असतात, सिझरही असतं. ‘अराइव्ह’ने तुलना याच्याशी केली, आणि तीही यादृच्छिक गट पाडून. पेपर हाती घेतलात की रिझल्टच्या टेबलाकडे धावू नका. आधी विचारा: दुसऱ्या गटातली माणसं खरोखर उपलब्ध असलेला पर्याय जगत होती का? या प्रश्नावर ‘अराइव्ह’ला पूर्ण मार्क.

आता प्रायमरी आउटकम

बातम्या सिझरच्या आल्या. पण ट्रायल सिझरसाठी आखलेली नव्हती. मुख्य प्रश्न बाळाचा होता: बाळाचा मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत. झटके, संसर्ग, जन्मताना झालेली इजा, पहिल्या ७२ तासांत श्वासाला मदत लागणं असं बरंच काही एकाच आकड्यात बांधलेलं. याला आपण कॉम्पोझिट आउटकम म्हणतो.

निकाल: कळा आणलेल्या गटात ४.३ टक्के, वाट पाहणाऱ्या गटात ५.४ टक्के. सापेक्ष जोखीम ०.८०, ९५ टक्के विश्वासांतर ०.६४ ते १.००. पी व्हॅल्यू ०.०४९.

इथे वर्गात अर्धे हात वर होतात: “०.०५ पेक्षा कमी, म्हणजे सिग्निफिकंट!” नाही. ट्रायल चालू असताना मध्येच डेटा तपासला गेला होता. जितक्या वेळा डोकावाल तितकी योगायोगाने काहीतरी सापडण्याची शक्यता वाढते, म्हणून शेवटचा उंबरठा खाली आणावा लागतो. तो इथे ०.०४६ होता. ०.०४९ त्याच्या बाहेर राहिला. लेखकांनीही सरळ लिहिलंय की बाळांच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही.

पण म्हणून ‘काहीच फरक नाही’ असंही म्हणू नका. ०.०४५ आला असता तर बाळं जास्त सुरक्षित झाली असती का? आकडा तोच, बाळं तीच. विश्वासांतर सांगतं की बराच फायदा ते शून्य फायदा, दोन्ही शक्य आहे. मोठं नुकसान मात्र संभवत नाही. तसंच कॉम्पोझिट उघडून बघा. मृत्यू एका गटात २, दुसऱ्यात ३. त्यावरून काहीही म्हणता येत नाही. फरक मुख्यतः श्वासाला मदत लागण्यात आहे, ३.० विरुद्ध ४.२ टक्के. ‘मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत’ हे शब्द वाचून डोळ्यांपुढे जे चित्र येतं, त्यापेक्षा हे चित्र बरंच सौम्य आहे.

सिझरचा आकडा

सिझर हा ठरवलेला दुय्यम आउटकम होता, मागाहून शोधून काढलेला नव्हे. १८.६ टक्के विरुद्ध २२.२ टक्के. फरक ठाम आहे. पण ‘१६ टक्के घट’ ही भाषा सोडा आणि माणसं मोजा: साधारण २८ जणींना कळा आणल्या तर एक सिझर टळतं. २८ पैकी २७ जणींच्या बाबतीत, निदान सिझरपुरतं, काही बदलत नाही.

दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटला. गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाचे विकार ९.१ विरुद्ध १४.१ टक्के. कारण समजायला सोपं आहे: जितके दिवस पोटुशी राहाल तितके दिवस बीपी चढायला संधी. बाळ बाहेर आलं की ती संधी बऱ्याच अंशी संपते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली: कोण कोणत्या गटात आहे हे डॉक्टरांना आणि बायकांना माहीत होतं. अशा ट्रायलमध्ये दुसरा मार्गच नाही, मान्य. पण सिझर म्हणजे हिमोग्लोबिन नव्हे, की यंत्राने मोजलं आणि आकडा आला. सिझर हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. ‘अजून थोडं थांबू’ हे डॉक्टर कोणत्या गटात जास्त वेळा म्हणाले असतील, हा प्रश्न उरतोच.

दुसरी: पात्र बायका २२,५३३ होत्या. तयार झाल्या ६,१०६, म्हणजे २७ टक्के. बाकीच्या ७३ टक्के नको म्हणाल्या किंवा आल्या नाहीत. त्यातल्या कित्येकींना आपोआप कळा येण्याचीच इच्छा असू शकते. गटातल्या बायकांचं मध्यक वय २३-२४. ताई ३१ची आहे. यामुळे ट्रायल चुकीची ठरत नाही. पण निकाल कोणाला लागू करायचा, हे ठरवताना मोजायला हवं.

तिसरी, आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी: ‘इंडक्शन’ म्हणजे नुसती गोळी किंवा सलाईन नव्हे, ती एक पूर्ण पद्धत आहे. ट्रायलमधल्या सुमारे ६३ टक्के बायकांचं गर्भाशयाचं मुख सुरुवातीला तयार नव्हतं. अशा वेळी आधी ते मऊ करायचं, मग कळा, आणि ‘इंडक्शन फेल’ म्हणण्याआधी बरेच तास थांबायचं अशी सूचना होती. कळा आणलेल्या बायका लेबर वॉर्डात मध्यकाने २० तास राहिल्या, दुसऱ्या गटातल्या १४ तास. जिथे एकच डॉक्टर, दोन नर्स आणि पलीकडच्या खाटेवर दुसरी बाळंतीण, तिथे हा धीर धरला जाईल का? नाही धरला, तर तुम्ही ‘अराइव्ह’मधलं इंडक्शन करत नाही, त्याच नावाचं दुसरंच काहीतरी करता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतातल्या खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. एकाच देशात ठिकाण बदललं की आकडा तिपटीहून जास्त होतो. तो फरक सगळा वैद्यकीय नाही, सरकारीत आणि खाजगीत जाणाऱ्या बायकाही वेगळ्या असतात, पण ‘कुठे’ हा प्रश्न बाजूला ठेवून चालणार नाही हे उघड आहे.

अमेरिकेतही हाच मुद्दा पुढे आला. मिशिगन राज्यातल्या नोंदी तपासल्या तेव्हा ट्रायलबाहेर, रोजच्या कामात, ३९व्या आठवड्यातल्या इंडक्शनने सिझर कमी झालेलं दिसलं नाही. पण लगेच टाळ्या वाजवू नका. तो निरीक्षणात्मक अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. वर एसटीच्या उदाहरणात जी शंका घेतली ती इथेही घ्यायला हवी. आवडता निकाल आला की शंका घ्यायचं थांबवणं, हा संशोधनातला सगळ्यात जुना आजार आहे.

जे मोजलंच नाही

हे सगळं टिपून मी ताईला फोन केला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “आणि झोपेचं काय लिहिलंय?”

मी पेपर परत उघडला. बाळंतपणातल्या वेदना मोजल्या होत्या. ‘कळांच्या वेळी परिस्थिती आपल्या हातात होती का’ याची प्रश्नावली भरून घेतली होती, आणि त्यात इंडक्शनचा गट किंचित वरच होता. म्हणजे ‘कळा आणल्या की बाईच्या हातात काही उरत नाही’ हेही या ट्रायलने दाखवलेलं नाही. पण शेवटच्या आठवड्यांतली जळजळ, सुजलेले पाय, तासातासाला लघवीला उठणं, येऊन विरून जाणाऱ्या खोट्या कळा, यांचा कुठे आकडा नाही. ज्या कारणाने ताई पावणेतीनला जागी होती, ते कारण या पेपरसाठी अस्तित्वातच नाही.

हा पेपरचा गुन्हा नाही. प्रत्येक ट्रायल एका प्रश्नाचं उत्तर देते. गुन्हा तेव्हा होतो, जेव्हा आपण ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवतो. ताईचा प्रश्न होता, “मला आता सोसवत नाही, थांबवायला सांगणं चूक आहे का?” तिला मिळालेलं उत्तर होतं, “सिझर कमी होतं.” या दोन वाक्यांत अंतर आहे. त्या अंतरात आई ‘घाई कसली’ म्हणते आणि ताईला अपराधी वाटतं.

एक आकडा मात्र उपयोगी पडला. वाट पाहणाऱ्या गटातली बाळंतपणं मध्यकाने ४०.० आठवड्यांना झाली, दुसऱ्या गटातली ३९.३ला. म्हणजे फरक साधारण पाच दिवसांचा. “पाच दिवस?” ताई म्हणाली. “मला वाटलं होतं महिनाभर.” मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

शेवटी आम्ही डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न लिहून काढले. माझी तारीख पहिल्या सोनोग्राफीने पक्की आहे ना? गर्भाशयाचं मुख आत्ता किती तयार आहे? कळा आणल्या आणि दिवसभरात काही झालं नाही, तर तुम्ही किती थांबाल? आणि थांबायचं ठरवलं, तर बीपी आणि बाळाचे ठोके किती दिवसांनी बघायचे? पाचवा प्रश्न ताईने स्वतः घातला: “तोवर झोप लागेल असं काही आहे का?” माझ्या मते पाचही प्रश्नांत तोच सगळ्यात नेमका होता.

ताईने काय ठरवलं आणि पुढे काय झालं, ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही ६,१०६ बायका विसराल आणि माझी एक ताई लक्षात ठेवाल. दोघं खुशाल आहेत, एवढं पुरे.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला सध्या सगळ्यात जास्त सांगितला जाणारा एक पेपर घ्या आणि एका पानावर तीन गोष्टी लिहा: तुलना कोणाशी केली, मुख्य प्रश्न कोणता होता, आणि लोक त्यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर काढतात. दुसरी आणि तिसरी ओळ जुळली नाही, तर तुमच्या सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद तिथेच सापडायची बरीच शक्यता आहे.