यंत्र पोहोचलं, पद्धत मागे राहिली

विद्यापीठातलं संशोधन कारखान्यात पोहोचलं की आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्यांबद्दलच आज आम्हाला थोडी शंका घ्यायची आहे.

बोलता न येणाऱ्यांसाठी बोलणारी यंत्रं घ्या. ती बाजारात येण्याचे दोन मार्ग ठळक दिसतात. एक, संशोधकांनीच कंपनी काढायची. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका तरुणीसाठी विद्यार्थ्यांचा प्रकल्प झाला. त्यातून १९८३ साली कंपनी उभी राहिली, तीच पुढची डायनाव्हॉक्स. इथे वस्तू आणि ती जाणणारी माणसं एकत्रच बाहेर पडली.

दुसरा मार्ग, कल्पना खुली ठेवायची. पेन स्टेट विद्यापीठात जॅनिस लाइट आणि कॅथरिन ड्रेगर यांनी लहान मुलांसाठी सुट्या चित्रांच्या चौकटींऐवजी अख्खं दृश्य पडद्यावर ठेवलं. स्वयंपाकघराचा फोटो, भांड्याला बोट लावलं की यंत्र बोलतं. नेब्रास्का विद्यापीठात डेव्हिड ब्यूकेलमन आणि सहकाऱ्यांनी वाचाघात झालेल्या प्रौढांसाठी हीच दिशा धरली. पुढे एकाहून अधिक उत्पादकांनी ही मांडणी उचलली.

मग काम फत्ते झालं का? आमच्या मते अर्धंच. पडद्याची मांडणी विकता येते. पण मूल खेळत असतानाच फोटो काढायचा, त्यात शब्द भरायचे आणि मग गप्प राहून त्याची वाट बघायची, ही पद्धत खोक्यात भरता येत नाही. ती आईला, शिक्षिकेला शिकवावी लागते.

पैसा मात्र वस्तूमागे जातो. अमेरिकेत मेडिकेअरने २००१ पासून या यंत्रांचा खर्च मान्य केला, पण यंत्र फक्त बोलण्यापुरतंच असावं, या अटीवर. म्हणजे यंत्राचं रूप संशोधनाइतकंच बिल भरणाऱ्याच्या नियमानेही ठरलं.

आपल्याकडे आणखी एक अडचण. ‘मी’, ‘शाळा’, ‘जाणे’ ही चित्रं दाबली, तर यंत्राने ‘मी शाळेत जाते’ म्हणायचं की ‘जातो’? इंग्रजीसाठी केलेल्या मांडणीला हा प्रश्न पडलेलाच नसतो. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो हे ॲप मराठीतही बोलतं, ते म्हणूनच महत्त्वाचं. पण तिथेही घरच्यांना शिकवणारं कुणीतरी लागतंच.

तेव्हा किती कंपन्यांनी करार केला, एवढंच मोजून थांबू नये. वर्षभराने ते यंत्र मुलाच्या हातात आहे की कपाटात, हेही संशोधकांनी आणि उत्पादकांनी मिळून जाऊन बघावं, आणि त्याची तरतूद करारातच करावी.