१६ तास कुणाचे? टोयोटावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवून

जपानी मोटार उद्योगावर वाचायला घेतलंत की वोमॅक, जोन्स आणि रूस यांचं ‘द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड’ (१९९०) लवकरच हाती येईल. एमआयटीच्या प्रकल्पातून आलेल्या या पुस्तकातली एक तुलना फार उद्धृत होते. १९८६ मध्ये जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात एका गाडीच्या जोडणीला ३१ तास लागत, टोयोटाच्या ताकाओकात १६. शंभर गाड्यांमागे दोष तिथे १३०, इथे ४५.

ही तुलना कच्ची नाही. दोन्हीकडची सारखीच कामं तासांत धरली आहेत. शिवाय अमेरिकेतले जपानी कारखानेही चांगले चालतात, हे पुस्तक दाखवतं. ‘जपानी माणूस मुळातच कष्टाळू’ या आळशी स्पष्टीकरणाला त्यामुळे चाप बसतो. हे श्रेय द्यायलाच हवं.

पण बघा, कामाची मांडणी सुधारली तरी तास घटतात आणि पट्टा जोरात पळवला तरीही घटतात. लेखक पहिल्या कारणावर भर देतात. आकडा मात्र एकटा तसं काही सांगत नाही.

इथे सातोशी कामाता यांचं पुस्तक उघडा. हे पत्रकार १९७२ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबले. त्यांची रोजनिशी १९७३ मध्ये छापून आली. तिच्यात पट्ट्याचा वेग, जादा काम आणि थकवा आहे. १९५० च्या संपानंतर टोयोटाने बरेच कामगार कमी केले. कीइचिरो टोयोडा यांनीही अध्यक्षपद सोडलं. उरलेल्यांना कायम नोकरीची हमी मिळाली आणि बदल्यात त्यांनी पडेल ते काम स्वीकारलं, असं वोमॅक आणि सहकारी सांगतात. हंगामी कामगाराला ती हमी कुठे होती? या प्रश्नापाशी मला त्यांचं पुस्तक तोकडं वाटतं.

म्हणून कामाता खरे आणि एमआयटी खोटी, असं लिहू नका हं. एक माणूस, काही महिने, तेही १९७२ चे. त्यावरून १९८६ चा आकडा खोडता येत नाही. मात्र त्या आकड्याला काय विचारायचं, ते कळतं.

तुमच्या विषयातला असाच एक लाडका आकडा घ्या. त्यात काय मोजलं, कुणाला मोजलं आणि कोण बाहेर राहिलं, हे अर्ध्या पानात लिहा. संशोधन आराखड्याची सुरुवात तिथूनच करा.